मुद्रितशोधक वेणीमाधव आणि सातवं प्रकरण

वेणीमाधव करकंबकर हे सोलापुरात चनबसप्पांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. मी तिथे खिळे जुळवायचो, म्हणजे माझ्या चुका हेच त्यांचं काम. लग्नपत्रिका असो की गिरणीची नोटीस, ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांना खपत नसे. एका देवळाच्या पाटीवरचा 'प्रवेष' त्यांनी स्वतः शिडी लावून 'प्रवेश' केला होता.

१९३१ साली डॉक्टर आबासाहेब जेऊरकर मेंदूच्या विकारांवरचा आपला मराठी ग्रंथ छापायला घेऊन आले. इंग्रजी ग्रंथ पालथे घालून, नऊ वर्षं खपून लिहिलेला. पंचांगापेक्षा जाड काही छापायची आम्हाला सवय नव्हती. वेणीमाधवांनी मात्र बाड दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, अर्थ समजल्याशिवाय मी ओळ पुढे सोडत नाही."

हेच अंगाशी आलं. तिसरं प्रकरण कंपवाताचं. ते तपासता तपासता त्यांचा हात थरथरू लागला आणि प्रुफावरच्या खुणा नागमोडी झाल्या. प्रकरण संपलं, कंप गेला. पाचव्यात डावीकडचं जगच जाणवत नाही असे रोगी होते, तर हे ताटातलं उजव्या बाजूचंच जेवू लागले. त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी वाद घातला नाही. अर्धं जेवण झालं की त्या ताट फिरवून ठेवायच्या. डॉक्टर दर वेळी येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघत आणि म्हणत, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. पुढचं प्रकरण घ्या."

सातवं प्रकरण वाचाघाताचं होतं. त्यातला रोगी बोलायला जातो एक आणि तोंडातून येतं भलतंच.

सोमवारी सकाळी वेणीमाधव आले, छपाईच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "चनबसप्पा, आज म्हशीला शाई कमी पडलीय."

आम्ही पोट धरून हसलो. चनबसप्पा म्हणाले, "सातवं सुरू झालं की हो!"

दोन दिवस आम्ही हसतच होतो. वेणीमाधव चिडून आणखी बोलत, आम्ही आणखी हसत असू. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला दिसला आणि हातातली पेन्सिल खाली पडली. डॉक्टर धावत आले. हातोडी त्यांनी पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

"हे खरं आहे," ते म्हणाले. त्या दिवशी छापखान्यात कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी वेणीमाधव काठी टेकत परत आले. हात सुधारला होता, वाचा मात्र सुधारली नव्हती. लिहायला गेले की तिथेही 'माणूस'चा 'मांडव' होई. सातव्या प्रकरणाची प्रुफं तशीच पडली होती. त्यांनी ती पुढे ओढली आणि नेहमीसारखी वाचायला घेतली. काना, मात्रा, अनुस्वार, एकही चूक सुटली नाही. 'अशा रोग्यास वाचता येत नाही' या वाक्याशी मात्र ते थांबले आणि अख्ख्या वाक्यावर त्यांनी काट मारली.

डॉक्टर भडकले. "ही छपाईची चूक नाही. हे शास्त्र आहे. तुम्हाला वाचता येता कामा नये!"

वेणीमाधवांनी शांतपणे पुन्हा काट मारली. "परकर," ते ठामपणे म्हणाले.

डॉक्टरांनी परीक्षाच घेतली. एका कागदावर लिहिलं, 'खिडकी लावा.' वेणीमाधवांनी खिडकी लावली. 'टोपी काढा.' काढली. 'माझी चूक दाखवा.' त्यांनी प्रुफावरच्या त्या काट मारलेल्या वाक्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टरसाहेब," चनबसप्पा म्हणाले, "आता एक तर माणूस बदला, न्हायतर पान बदला. यंत्र रिकामं हाय."

डॉक्टर दुपारभर खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी वाक्य बदललं आणि खाली वेणीमाधवांची हकीकत जोडली, 'रोगी वे. क.' अशा नावाने. तिचंही प्रूफ वेणीमाधवांकडेच गेलं. त्यांनी 'रोगी' खोडलं. पण दुसरा शब्द हाताला येईना. मग त्यांनी पहिल्या पानाचं प्रूफ शोधलं, त्यावर त्यांच्या नावाआधी जुळवलेल्या 'मुद्रितशोधक' या शब्दाभोवती गोल काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून तिथून खोडलेल्या 'रोगी'पर्यंत रेघ ओढली. डॉक्टरांनी सही केली. ग्रंथात अजूनही तसंच आहे: मुद्रितशोधक वे. क. यांना वाचाघात झाला.

पुढे बरेच शब्द परत आले. डॉक्टरांना मात्र ते शेवटपर्यंत 'जावईबापू' म्हणत आणि डॉक्टरही ओ देत. १९३८ साली तापाने वेणीमाधव गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा गोदावरीबाईंनी खणात गुंडाळलेला ग्रंथ काढला. त्यांना वाचता येत नव्हतं. "ह्यांचं पान वाचा की, आप्पा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. 'त्यांच्या पत्नीस त्यांचे सर्व बोलणे समजते,' इथवर आलो आणि त्यांनी मला थांबवलं.

"सगळं कुठलं? निम्मंच," त्या म्हणाल्या. "उरलेलं मी माझ्या सोयीनं ठरवत होते."