चरणस्पर्श, पार्किंग आणि जेवायला या

मी क्वालिटीतला माणूस आहे, त्यामुळे घरात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा! ही सवय संध्याकाळी गेटवर जमा करून येता येत नाही. भाजीवाल्याकडं भेंडी घेताना मी ढिगाच्या वरची, मधली आणि तळातली अशी मोडून बघतो. (तो आता मला लांबून बघूनच भेंडीवर पोतं टाकतो.) माझी बायको सुरेखा सगळ्यांना सांगते, "मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनी चहाचा कप उलटा करून बघितला." हे साफ खोटं आहे. मी फक्त बशी उलटी केली होती.

अशा माणसाच्या मोबाइलात एकाच वेळी तीन एआय आले. तिघांचेही चाहते कंपनीत होते. कॅंटीनमध्ये रोज "माझावाला भारी की तुझावाला भारी" यावर वाद व्हायचे. मी म्हटलं, वाद कशाला? तपासून बघू!

सुरेखानं तिघांना नावं दिली. पहिला सगळं जाणायचा आणि सगळं सांगायचा, म्हणून तो 'सर'. दुसरी इतकी गोड बोलायची की तिला 'मावशी'. आणि तिसरा उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न विचारायचा, म्हणून तो 'वकील'.

खरं सांगतो, तिघांनीही माझ्यावर उपकारच केले. एक्सेलमध्ये अडलं की सर एका दमात सूत्र सांगायचे, आणि ते चालायचंही! मावशीनं माझा रजेचा अर्ज असा लिहिला की साहेबांनी रजा दिलीच, वर घरी फोन करून "तब्येत जपा" म्हणाले. (मला काहीही झालेलं नव्हतं. आमच्या गावच्या, महाळुंग्याच्या यात्रेला जायचं होतं.) आणि वकिलानं एकदा ड्रॉइंग बघून विचारलं, "यातली दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत, खरं कोणतं?" त्या एका प्रश्नानं अख्खा माल रिजेक्ट होता होता वाचला. तरी मी वकिलाला सगळ्यांत कमी मार्क दिले. मला उत्तर हवं असतं, उलटतपासणी नको. उलटतपासणीला घरात सुरेखा आहे.

अशात आमचं मोशीतलं नवीन घर तयार झालं. वास्तुशांतीचा रविवार ठरला. आईनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली.

"नाना जेवून गेलं पायजेत," ती म्हणाली.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. माझ्या लग्नात गडबडीत त्यांना फेटा बांधायचा राहिला होता. तेव्हापासून ते आमच्या प्रत्येक कार्याला यायचे, दारात उभे राहायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे आणि निघून जायचे. वडील गेल्यावरही त्यात फरक पडला नाही. लहानपणी ज्या दिराला तिनं स्वतःच्या हातानं भाकरी करून शाळेत पाठवलं, तो आपल्या घरचा घास घेत नाही, हे आईच्या मनाला फार लागलं होतं. ती कधी बोलायची नाही, पण नाना गेले की रिकामा तांब्या हातात घेऊन बराच वेळ दारातच उभी राहायची.

"मग आई, तूच फोन कर की नानांना," मी म्हटलं.

"मी न्हाई. घरच्या कर्त्यानं बोलवायचं असतंय. आता कर्ता तू. अक्षता घेऊन जा दारात."

पण नेमकी महिनाअखेर! कंपनीत माल पाठवायची घाई, रोज ओव्हरटाइम. दारोदार जाणार कधी? मी ठरवलं, आमंत्रण मोबाइलवर पाठवायचं आणि एआयकडून झकास लिहून घ्यायचं.

"कुणाकडनं लिहून घेणार?" सुरेखानं विचारलं.

"तिघांकडून."

"आणि पाठवणार कुणाचं?"

"तिघांचंही! नातेवाइकांचे तीन गट करायचे, प्रत्येक गटाला एकाचं आमंत्रण. ज्याला चांगला प्रतिसाद येईल तो एआय पास. याला ट्रायल लॉट म्हणतात."

"याला डोकं फिरणं म्हणतात," सुरेखा म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

तपासणी म्हटली की नियम आले. माझा नियम साधा होता. तिघांना अगदी सारखी माहिती द्यायची, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. सरांनी लगेच लिहून दिलं. मावशीनं तर लिहिता लिहिता बहुतेक डोळे पुसले असावेत. वकिलानं मात्र आपली जात दाखवली. "हे कोणासाठी आहे? वडीलधारे आहेत का? कोणी नाराज आहे का?" असं विचारायला लागला. आता त्याला नानांची गोष्ट सांगितली असती तर बाकीच्या दोघांवर अन्याय झाला असता! मी लिहिलं, "प्रश्न विचारू नका. फक्त लिहा." त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

सरांचं आमंत्रण चांगलं लांबलचक होतं. पूजेची वेळ, चौकातून कुठं वळायचं, लिफ्ट कुठली, आणि चारचाकी कुठं लावावी व कुठं लावू नये. मावशीचं असं होतं: "आपल्या पावन चरणांच्या स्पर्शावाचून आमची वास्तू पोरकी आहे. आपण याल, तेव्हाच या भिंतींचं घर होईल." वकिलाचं सगळ्यांत छोटं: "मोशीत नवीन घर घेतलं. रविवारी वास्तुशांत आहे. जेवायला या."

कुणाला कुठलं जायचं, हेही मी स्वतः ठरवलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. क्वालिटीत सॅम्पल निवडताना नातं बघत नाहीत! मावशीचं आमंत्रण गेलं बाळूला. हा आमचा लांबचा भाऊबंद, ज्याची आणि माझी ओळख हॉर्न वाजवण्यापुरती आहे. सरांचं गेलं थोरल्या चुलत्यांच्या मुलाला, बबनदादाला.

आणि नानांच्या नावाला आलं "जेवायला या."

दुसऱ्या दिवशी महाळुंग्यात कुणाच्या तरी हळदीला सगळी भावकी जमली होती. नवरदेवाला हळद लागेपर्यंत लोक काय करणार? मोबाइल काढून बसले. बाळूनं कौतुकानं आपलं आमंत्रण मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बबनदादानं आपलं वाचलं. मग सगळ्यांनीच वाचलं!

कंपनीत माझा फोन वाजला.

"भावा," बबनदादा म्हणाला, "बाळ्याला चरणस्पर्श आन् मला पार्किंग? मी काय ड्रायव्हर हाय व्हय तुजा?"

"दादा, तसं नाही, ती एक चाचणी..."

"चाचणी? मानाची चाचणी घेतो व्हय तू? सख्ख्या चुलतभावाला गाडी कुठं लावू नये ते सांगतो!"

पाठोपाठ आत्या, तिच्यामागून मामा. (मामांनाही पार्किंग. त्यांच्याकडं सायकल आहे.) नानांचा फोन आला नाही. नाना असल्या वेळी स्वतः बोलत नाहीत, काकूंना बोलायला लावतात. काकूंनी सुरेखाला निरोप दिला, "त्ये म्हन्त्यात, जेवायला या म्हनून तर दारावर आलेल्या मागत्याला बी सांगत्यात."

घरी आलो. नवीन घरासाठी आणलेलं तोरण पिशवीतून काढून आईनं परत पिशवीत ठेवलं होतं. कंपनीत चूक झाली की सुटा भाग बाजूला काढून त्यावर लाल खूण करता येते. इथं लाल खूण करण्यासारखा सुटा भाग मीच होतो.

मग मी घाईनं दुरुस्ती केली. मावशीचं आमंत्रण सगळ्यांना आवडलंय ना? मग तेच सगळ्यांना पाठवायचं! वर लिहिलं, "सुधारित आमंत्रण, रिव्हिजन एक. आधीचं रद्द समजावे."

पहिला फोन बाळूचा.

"राव, आमचे चरण काल एकट्याचे पावन होते. आज अख्ख्या गावाचे झाले? मग आम्ही काय वेगळं?"

दुसरा बबनदादाचा. "रिव्हिजन? आरं, आमंत्रण हाय का कंपनीचं ड्रॉइंग? आन् आधीचं रद्द म्हंजी? आमी येऊच नये व्हय?"

आता रागावलेले गट तीनचे एक झाले. मी कुणाला फोन लावला तर पलीकडून "रविवारी बघतो तुझ्याकडं" एवढंच ऐकू यायचं. माणसं येणार नाहीत, असा मी निष्कर्ष काढला, आणि केटररला सांगितलेला स्वयंपाक निम्म्यावर आणला. किती पुऱ्या, किती जिलेबी, हा हिशोब सरांनी अचूक करून दिला. (हिशोब अचूकच होता. माणसांचा आकडा माझा होता.)

रविवारी सकाळी पूजेला आम्ही दोघं पाटावर बसलो. गुरुजींचं सुरू झालं न झालं तोच लिफ्टचं दार उघडलं आणि बबनदादा आला, सहकुटुंब, मेव्हण्यासकट. "मी जाब विचारायला आलोय," त्यानं जाहीर केलं आणि सतरंजीवर मांडी घातली. मागून आत्या आली, तीही जाब विचारायला. मामा आले. बाळू तर चारचाकी भरून माणसं घेऊन आला. साक्षीदार हवेत ना! साध्या आमंत्रणाला निम्मी भावकी आली असती. भांडायला अख्खी आली. जिन्यात चपलांवर चपला चढल्या आणि आमचं ते कोरं, रंगाचा वास येणारं घर अर्ध्या तासात गजबजून गेलं.

आणि मग नाना आले. नेहमीसारखे दारात उभे राहिले. सवयीनं आत्यानं तांब्या पुढं केला. नानांनी तो घेतला नाही.

"वैनी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

आई स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर आली.

"वैनी, मला येक सांगा. ते आमंत्रण कुणाचं हुतं? ह्येचं, का तुमचं?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं.

"माजं हुतं, भावजी. मीच बोलावलंय. पोराला लिवता येत न्हाई."

भावकीत एकच हशा उठला. मी डोळे मिटून होमात तूप सोडलं. पुन्हा बघितलं तेव्हा नाना उंबऱ्याच्या आत होते, खुर्चीवर टेकले होते, आणि आई त्यांना "गुडघं कसं हाईत?" असं विचारत होती.

मागाहून त्यांची नात पूजा माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "काका, आजोबा येणारच नव्हते. काल माझ्या मोबाइलवर बोलून विचारत बसले, पुतण्यानं असं बोलावलंय, जाऊ का नको?"

"कुणाला विचारलं?"

पूजानं मोबाइल पुढं धरला. बघतो तर वकील!

त्यानं नानांना जा असंही सांगितलं नव्हतं आणि जाऊ नका असंही नाही. नेहमीची खोड, प्रश्न विचारले होते. त्या घरात तुमच्या जवळचं कोण आहे? त्यांनी स्वतः बोलावलं असतं तर गेला असता का? नाना म्हणाले होते, "वैनीनं बोलावलं तर मी अनवाणी जाईन." त्यावर वकिलानं लिहिलं होतं, "मग हे आमंत्रण त्यांचं आहे का, हे त्यांनाच विचारलेलं बरं."

तुम्ही हसाल. यंत्राला कृतज्ञता कशी पोचवायची मला ठाऊक नाही, तरी मी मोरीच्या दाराआड जाऊन मोबाइलवर "आभारी आहे" असं लिहिलं. त्यानं विचारलं, "कशाबद्दल?" मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. या खेपेला एकही प्रश्न टाळला नाही.

पंगत बसली. नाना आईच्या समोरच बसले. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा आईनं तोंड फिरवून डोळे पुसले, आणि मग वाढायला जी उठली ती थांबेचना. नानांना जिलेबी, बबनदादाला जिलेबी, बाळूच्या साक्षीदारांना जिलेबी! जाब विचारायला आलेल्या माणसांना भूक फार लागते. बबनदादानं तर मसालेभाताचं पातेलंच शेजारी ओढून घेतलं आणि म्हणाला, "आता माझा राग गेला, भावा."

मी हात धुऊन पानावर बसायला आलो तेव्हा पातेल्यांचे तळ दिसत होते. सुरेखानं डाव पातेल्यात फिरवला, तो नुसता खणखणला. मी तिला खूण केली, ओरडू नको, नाना जेवतायत, आणि हळूच चप्पल पायात सरकवून खाली उतरलो.

चौकातल्या गाडीवर वडापाव घेतला. नवी टोपी, कपाळाला गंध, अंगावर पूजेचं उपरणं अशा अवतारात मला बघून गाडीवाला म्हणाला, "साहेब, वरती वास्तुशांत तुमच्याकडंच ना? कसं काय झालं जेवण?"

"लोक म्हणतायत," मी मिरची चावत म्हटलं, "फार छान झालंय."