कुंकवाखालचा लाल दिवा

खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी द्यावी, त्यांची पूजा करावी, याला माझा काही विरोध नाही. मागाला द्या, शिलाई मशीनला द्या, गाडीला हार घाला. पण सर्व्हरला? सर्व्हर बंद करून त्याच्यापुढे नारळ फोडणारी माणसं माझ्याच सोलापुरात निघाली, आणि तेव्हापासून झेंडूचा वास आला की माझा हात आधी फोनकडे जातो.

दसऱ्याच्या सकाळी फोन आला. चादरीच्या एका कारखान्याचे मालक. घर तेलुगू, बोलणं पक्कं सोलापुरी. त्यांच्याकडची कॉम्प्युटरची सगळी कामं मीच बघते.

"ताई, सर्व्हर उठंना झालाय."

"बसला कधी?"

"काल पूजेला बंद केला की. त्याला नको व्हय सुट्टी?"

पुरणाचे हात धुतले आणि जुळे सोलापुरातल्या घरून स्कूटी काढली. सर्व्हरमधली जुनी डिस्क फिरतेय तोवर फिरते. एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. गुडघे गेलेलं माणूस चालत असतं तोवर चालतं, कट्ट्यावर टेकलं की उठवत नाही, तसंच हे.

सुट्टी असल्यामुळे माग गप्प होते. ती शांतता मला बरी वाटली नाही. सर्व्हरच्या खोलीत मालकांचे थोरले भाऊ खुर्चीत बसून होते. त्यांना सगळे अन्ना म्हणतात. उभा जन्म त्यांनी चादरींच्या नक्ष्या काढल्या. कागदावरच्या वाळवीनं खाल्ल्या, सर्व्हरवर उतरवलेल्या तेवढ्या राहिल्या. पुढं त्यांची नजर गेली. ती पुरती जायच्या आधी, डोळ्याला भिंग लावून, त्यांनी शेवटची नक्षी थेट कॉम्प्युटरवरच काढली होती: नातीला लग्नात द्यायच्या चादरीवरचा मोर. चादर अजून विणायची होती, आणि तुळशीचं लग्न झालं की नातीचं लग्न.

"आली का गं बाई? माझा मोर हाय न्हवं आत?" अन्नांनी विचारलं.

"बघते, अन्ना."

पडद्यावर पांढऱ्या ओळी येऊन थांबल्या होत्या. नक्ष्यांच्या डिस्कची वाट बघून सर्व्हर चालवणारं लिनक्स अडून बसलं होतं आणि दुरुस्तीसाठी पासवर्ड मागत होतं. वास्तविक नक्ष्या दोन डिस्कांवर एकदमच लिहिल्या जायच्या. एक गेली तर दुसरी असावी, म्हणून. मग दोन्ही एकदम कशा रुसतील? मी सर्व्हरच्या तोंडाशी वाकले. वर्षानुवर्षांच्या पूजेचं कुंकू तिथं वाळून घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं, तर खाली एक लाल दिवा जळत होता.

"हा कधीपासून लागलाय?"

मालक डोळे बारीक करून बघायला लागले. "तितं दिवा हाय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, बोटं टेकवायला दुसरी जागा मिळाली नाही का तुम्हाला?"

लाल दिव्याची डिस्क केव्हाच जोडीतून बाहेर पडली होती. दुसरी एकटीच ओढत होती, आणि तिलाच काल सुट्टी दिली गेली. आता ती नुसती टक, टक करत होती.

आधी लाल दिव्याची डिस्क धरली. काही लिहिलं जाणार नाही अशा बेतानं उघडली. नशीब, उघडली! सर्व्हर उठला, नक्ष्यांची नावं भराभर पडद्यावर आली. मालकांनी टाळीच वाजवली, "तुमच्या तोंडात साखर पडो" म्हणत माझ्या हातात पेढा ठेवला. तो तोंडात घालायच्या आधी मी मोर शोधला. नव्हता. मोर काढला गेला त्याच्या आधीच ही डिस्क बंद पडली होती. पेढा तसाच टेबलावर ठेवला.

राहिली टकटकणारी. वाचता येईल तेवढं आधी उचलायचं, अडेल ते सोडून पुढं जायचं, असा प्रोग्रॅम तिच्यावर लावला. ती मध्येच फिरायची, मध्येच अडायची. टक आवाज झाला की अन्नांची मान तिकडं वळायची. मग टकटक थांबली. मी किती वेळा चालू करून पाहिली, पण ती परत फिरलीच नाही.

हाती लागलेलं उघडलं. त्यात मोर होता. तुरा होता, डोळा होता, मान होती. पिसारा सुरू होणार तिथून खाली सगळं काळं.

बंद करून पुन्हा उघडलं. तेवढाच मोर.

"आला का मोर?" अन्ना म्हणाले.

मी मालकांकडे बघितलं. मालक पडद्याकडे बघत होते.

"आला, अन्ना," मी म्हणाले.

"सगळा?"

"व्हय, सगळा," मालक म्हणाले.

अन्नांचा चेहरा असा काही फुलला की मला तिथं उभं राहवेना. त्यांनी चाचपत माझा हात धरला, त्यात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे, बाई. लई उपकार झाले." मग भावाकडे तोंड करून म्हणाले, "उद्या माग चालू झाले की पैली हीच चादर घ्या. उतरली की आधी माझ्या मांडीवर आणून टाका. पिसारा मला बोटांनी दिसतो."