बाईंनी मैदान सोडलं नाही

कौसल्या सोळंके बाईंची माझी पहिली ठळक आठवण पाथरीच्या शाळेच्या मैदानावरची, माझ्या वडिलांशी भांडतानाची. कबड्डीच्या संघात माझं नाव आल्याचं कळताच वडील मला घरी न्यायला आले होते. "पोरीच्या जातीनं शड्डू ठोकायचा का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मांडी तिची, दम तिचा. तुमाला बघवत नसंल तर तिकडं तोंड करून बसा." वडील बसले. थोड्या वेळानं तोंडही इकडं वळलं.

आज मी त्याच शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. बाईंनी जिंकून आणलेल्या ढालींविषयी त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मला त्यांच्या आजारपणाविषयी लिहायचं आहे.

निवृत्ती जवळ आली असताना बाईंचं हृदय कमकुवत झालं. मधुमेह जुनाच होता. औषधांनी पायांवरची सूज उतरली, हृदयाचा अहवालही सुधारला. तरी मैदानाला एक फेरी मारली की बाईंना धाप लागे. डॉक्टर म्हणाले, "हृदय कमजोर आहे, दम लागणारच. घरी बसा." शाळेनं लगोलग निरोप समारंभ ठरवला. बाईंनी मुख्याध्यापकांना सुनावलं, "शाल घडी करून ठेवा. सूज उतरली, मग दम कशानं लागायलाय, हे मला अजून कुणी सांगितलं न्हाई."

त्या मला घेऊन परभणीला छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या. यंत्रात फुंकून तपासणी झाली. फुप्फुसं पुरती फुलतच नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वाढलेली साखर डोळ्यांना, मूत्रपिंडांना इजा करते, तशीच फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही करू शकते; श्वासाचे स्नायूही थकतात. त्यात हृदय कमजोर, म्हणजे दुहेरी मार. "सगळं भरून येईल असं मात्र नाही."

"सगळं कोण मागायलाय?" बाई म्हणाल्या. "शिट्टी वाजवण्यापुरता दम द्या."

परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लय भ्याले होते गं," एवढंच बोलल्या.

मग बाईंनी साखरेला शिस्त लावली. चहा फिका झाला. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले श्वासाचे व्यायाम त्या मैदानाच्या कडेला बसून, मुलींसमोर करत. कुणी हळहळलं की म्हणत, "कीव नको. शेजारी बसा आन् तुमीबी करा." हृदय पूर्ववत झालं नाही. पण तालुक्याच्या अंतिम सामन्यात पंच बाईच होत्या, आणि शिट्टी पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

निवृत्तीनंतरही बाई रोज मैदानावर येतात. पोखर्णीकडच्या एका खेळाडूचे मेंढपाळ आजोबा, साखर आणि हृदय दोन्हींनी बेजार, "वय झालं" म्हणून बाजेवर पडून होते. बाई स्वतः त्यांना परभणीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. "वय झालं हा काय रोग हाय का?" आता आजोबा मेंढरांमागं हळूहळू का होईना, फिरतात.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होताना त्यांना निरोगी आयुष्य चिंतावं, तर त्या हसतील. म्हणून आम्ही शिष्या एवढंच मागतो: आजारांना राहायचं तेवढं राहू दे, बाई त्यांच्याहून जास्त राहोत.