ड्रमवाल्याच्या जागी उभा राहिलेला माणूस

मुलीच्या बँडची पहिली कॅसेट निघावी म्हणून मी कधी प्रार्थना करीन, असं मला वाटलं नव्हतं. रूथ आणि तिच्या सोबत्यांचं ते संगीत मला मुळीच आवडत नसे. ते त्याला पॉप-पंक म्हणत. प्रभूची स्तुती एवढ्या घाईनं आणि आरडाओरड्यानं कशाला, हे मला कळेना. आठ गाणी, प्रत्येक जेमतेम दोन मिनिटांचं. कॅसेटची एक बाजूही भरत नव्हती. त्यात मरोद्याच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या वर राहणारे मेश्रामभाऊ नाइट शिफ्ट करून दिवसा झोपायचे. सराव सुरू झाला की जिन्यातून ओरडत, "कावून हो भाऊ, तुमचा देव बहिरा हाय का?" मलाही तेच विचारायचं असे.

रूथ त्याच आठवड्यात नर्सिंग शिकायला नागपूरला जाणार होती, म्हणून रेकॉर्डिंगला तो एकच रविवार होता. रायपूरचा रेकॉर्डिंगवाला मशीन मांडून आमच्या बैठकीच्या खोलीत बसला. संध्याकाळच्या गाडीनं तो परतणार. आणि ड्रम वाजवणारा जोसेफच येईना. सकाळची शिफ्ट संपली तरी त्याचा रिलीव्हर आला नव्हता, असा निरोप आला. बदली माणूस आल्याशिवाय प्लांटमध्ये कोणी जागा सोडत नाही. रूथ भिंतीकडे तोंड करून बसली. मी वैतागून आत गेलो आणि प्रार्थना केली. प्रार्थना कसली, तक्रारच. "प्रभू, मला हे गाणं आवडत नाही. तुला आवडत असेल तर तूच बघ." आणि मग त्याला एकेक मार्गही सुचवत बसलो.

थोड्या वेळानं दार वाजलं. मेश्रामभाऊ, डोळे लाल. "आज कावून थंड पडले सारे?" रूथनं रडत सांगितलं.

"जोसेफ? तो तं आमच्याच खात्यातला." त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "मी जाऊन उभा राहतो त्याच्या जागी. पण बेटा, आज वाजवून घ्या एकदाचं. रोजची कटकट नको मले." रात्री त्यांची स्वतःची ड्यूटी होतीच. तरी हेल्मेट घेऊन ते सायकलवर निघाले.

जोसेफ आला, आठही गाणी झाली, रेकॉर्डिंगवाल्याला गाडीही मिळाली. गाणी मला अजून आवडत नाहीत.

पण त्या दुपारी मी देवाला किती मार्ग सुचवले होते! गाडी उशिरा सोड, रिलीव्हरला बुद्धी दे, ड्रमशिवाय भागव. त्यानं एकही घेतला नाही. आमच्यावर सगळ्यांत जास्त चिडलेल्या, चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसाला त्यानं उठवून पाठवलं. आता प्रार्थनेत मी अडचण तेवढी सांगतो, आणि गप्प बसतो.