इंजिनाच्या डोक्यावरचा अबोली पटका

मनकर्णाबाईनं नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि गिरणीच्या इंजिनाशी पाट लावला, अशी बातमी यंदा चैत्रात मला नेवाशाच्या बाजारात ऐकायला मिळाली. सांगणारा मिरच्या विकत होता आणि शपथेवर सांगत होता. इंजिनाला म्हणे नवरदेवासारखा अबोली पटका बांधला होता आणि तो त्यानं एस.टी.च्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दोन गोष्टी पदरच्या घातल्या आणि मिरच्या घेऊन घरी आलो.

आता खरं सांगतो. पाट वगैरे काही लागला नाही. नवरा घरातच आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. पटका मात्र बांधला होता, आणि तो माझ्या भिंतीवर बांधला होता, म्हणून या प्रकरणात माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा मिळायचा नाही.

आमचं गाव प्रवरेच्या काठी. गावात गिरणी एकच, डिझेल इंजिनाची, आणि ती माझ्या घराला लागून. मध्ये हातभर रुंदीचा बोळ. इंजिन सुरू झालं की आमच्या मांडणीतली भांडी वाजायला लागतात आणि बंद पडलं की घरातली मंडळी एकमेकांशी ओरडून का बोलतायत हे कुणालाच कळत नाही. पाटीवर नाव भिमाजीचं आहे. पण बारा वर्षांपूर्वी इंजिनाचं हँडल उलटं फिरून भिमाजीच्या मनगटाचं हाड मोडलं, आणि त्या दिवशी मनकर्णावहिनींनी पदर खोचून जे हँडल मारलं ते आजतागायत त्याच मारतात. भिमाजी काट्यापाशी बसतो, धान्य मापून घेतो आणि गप्पा मारतो. गावात गप्पांत माझा पहिला नंबर, त्याचा दुसरा. असं मी म्हणतो, तो उलटं म्हणतो.

वहिनी दिसायला एवढ्याशा. दुपारपर्यंत भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या, नाकातोंडाला फडकं. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतात की पट्टा ढिला झालाय की टाकीतलं पाणी तापलंय. मला खोकला झाला तेव्हा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भावजी, तुमचं बी तेल बदलायला झालंय."

तर भानगड अशी झाली. भैरवनाथाच्या जत्रेला आमच्याकडे नऊ पोती गहू लागतो. तो आदल्या दिवशी दळायचा. सूर्य उगवल्यावर सुरू करायचा आणि देवळात दिवा लागायच्या आत संपवायचा, तोही गावातच. पिठाची पहिली पाटी गिरणीवाल्यानं डोक्यावर घेऊन देवळात न्यायची, आणि ती पटका बांधूनच न्यायची. गेल्या वर्षी इंजिनानं सहावं पोतं संपता संपता मान टाकली. तीन पोती नदीपलीकडं विजेच्या गिरणीवर न्यावी लागली. मग वर्षभर गावात काही वाकडं झालं की खापर त्याच तीन पोत्यांवर. कुणाची गाय आटली, कुणाचं लग्न मोडलं, एस.टी. उशिरा आली, तरी दळण वेशीबाहेर गेलं म्हणून.

जत्रेचा कारभार कारभारी नानांकडं. त्यांनी होळीलाच येऊन सांगितलं, "मनकर्णा, यंदा एक जरी पोतं नदीपल्याड गेलं, तर फुडल्या सालापासनं समदं दळण तिकडंच." जत्रेचं दळण गेलं की त्यामागं घरोघरचंही जाणार, हे वहिनींना सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्यांचं माझ्या विनोदांना हसणं बंद झालं. यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा.

जत्रेला तीन दिवस उरले तेव्हा श्रीरामपूरहून छगन मिस्त्री आला. इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चहा प्याला आणि म्हणाला, "दम गेलाय ह्याचा. म्हातारं झालंय." मग पिशवीतून एक चकचकीत डबा काढला. "हे बघा, मुंबईचा एअर क्लीनर. हवा गाळून देतो. ह्यो लावला की दोन घोड्यांची ताकद वाढली म्हणून समजा."

"उघडून दावा की," वहिनी म्हणाल्या.

आत तारेची जाळी आणि खाली तेल. वहिनींनी जाळी नाकापाशी धरून पाहिली.

"म्हंजे गाळणीच हाय."

"गाळणी कशी? मुंबईची वस्तू हाय."

"आमच्या इंजिनाला बी असलीच हाय. ती का चालंना मग?"

छगन मिस्त्रीला राग आला. तो डबा घेऊन गेला आणि वाटेत प्रत्येक पारावर सांगत गेला की ती बाई मिस्त्रीला शिकवते.

वहिनींनी मात्र त्या संध्याकाळी इंजिनाची स्वतःची गाळणी खोलली आणि मला बोळातून हाक मारली. मी जाऊन पाहतो तर आत तेल आणि पीठ यांचा असा गोळा झालेला की लाटायला घ्यावा.

"बघा भावजी, कुनीतरी ह्याच्या घशात कनिक भिजवलीया. सकाळी बरा पळतो, दोन पोती झाली की काळा धूर सोडतो. म्हातारा न्हाई झाला ह्यो, गुदमरतोय. गिरनीतलं समदं पीठ ह्येच नाकात ओढतो. मी फडकं बांधते, ह्याला कोन बांधनार?"

मी म्हणालो, "बांधा की लुगडं." मी थट्टेनं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी माझा पत्र्याचा नळ गायब. पावसाचं पाणी हौदात सोडायला मी मुद्दाम वीतभर रुंदीचा करून घेतला होता. तो मला इंजिनापासून निघून, गिरणीची भिंत फोडून, बोळ ओलांडून माझ्या भिंतीच्या माथ्यावर टेकलेला आढळला. विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "पावसाला अजून दोन म्हयने हायेत." इंजिनाला आता गिरणीबाहेरची, वरची हवा मिळणार होती. नळाच्या तोंडावर त्यांनी बांबूची मोठी दुरडी पालथी बसवली, सांधे डांबरानं लिंपले आणि दुरडीवर खरोखरच एक जुनं लुगडं चांगलं चार पदरी गुंडाळलं. रस्त्याची धूळही आत जायला नको म्हणून.

जत्रेच्या आदल्या दिवशी सूर्य उगवला आणि नऊ पोत्यांतलं पहिलं पोतं चढलं. इंजिन पाव तास चाललं, धापा टाकायला लागलं, माझ्या भिंतीवरलं लुगडं आत खेचलं जाऊन दुरडीला चिकटलं आणि सगळं ठप्प. दारात कारभारी नाना. त्यांनी बैलगाडी जुंपूनच आणली होती, नदीपलीकडं जायला.

आमची भांडी वाजायची थांबली तेव्हा मी बोळात आलो. वहिनी दुरडीकडं बघत उभ्या होत्या.

"शिकेकाई वस्त्रगाळ करायला लुगडं घेतं का कुनी?" त्या स्वतःलाच म्हणाल्या. "मलमल लागती. पातळ, एकच पदर." आणि घरात गेल्या.

भिमाजी तेव्हा नदीवर आंघोळीला गेला होता. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्याचा लग्नातला पटका होता. अबोली रंगाचा, उंची मलमलीचा. वर्षातून एकदा, त्याच दिवशी संध्याकाळी, ट्रंकेतून निघायचा. भिमाजी त्याला कुणाला हात लावू देत नसे. मला एकदा लावू दिला होता, तोही हात धुऊन.

"वहिनी, हे बघा," मी म्हणालो.

"तुमी काय बघितलं न्हाई, भावजी."

गावात मी एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि तीही संध्याकाळपर्यंतच.

पटका दुरडीवर चढला. हँडल फिरलं. इंजिनानं असा मोठा श्वास घेतला की माझ्या खिडकीचा पडदा बाहेर उडाला. मग पुक पुक पुक, एकसारखं. सायलेन्सरमधून काळा धूर नाही. दोन पोती झाली, चार झाली, सहावं चढलं. ज्या पोत्याला गेल्या वर्षी मान टाकली, ते खाऊन इंजिन पुढचं मागायला लागलं. कारभारी नाना गाडीवरून उतरून पायरीवर बसले. त्यांचे बैल कंटाळून बसले.

दिवसभर काट्यापाशी बसलेला भिमाजी आठवं पोतं निम्म्यावर असताना पटका काढायला घरात गेला, आणि आतून त्याचा आवाज आला. "माझा पटका?"

तो ट्रंक उपसून बाहेर आला, बोळात शिरला, मान वर केली. माझ्या भिंतीवर दुरडी आणि दुरडीवर त्याचा पटका, रस्त्याच्या धुळीनं अर्धा मातकट. लांबून पाहिलं तर खरंच कुणी नवरदेव भिंतीमागं बसलाय असं वाटावं. मिरचीवाल्याला मी दोष देत नाही.

दिवा लागायला जेमतेम अडीच तास उरले होते. पटका काढला तर इंजिन थांबवावं लागणार, आणि दीड पोतं नदीपलीकडं. तो शिडी लावून वर चढला. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात वाऱ्यानं पटक्याचा सोगा सुटला आणि फडफडत दुरडीच्या फटीतून आत जायला लागला. भिमाजीनं तो झटकन मुठीत धरला, दुसऱ्या हातानं दुरडी कवटाळली आणि तसाच बसला. खालून मी विचारलं, "काय भिमाजी, उतरतोस का?"

"गप रं," तो म्हणाला. "आदी दळान होऊ दे."

बारा वर्षांत गिरणीचं काम म्हणून त्याला एवढा वेळ एका जागी, न बोलता बसलेला मी प्रथमच पाहिला. नववं पोतं संपलं, इंजिन वहिनींनी बंद केलं, आणि आमच्या घरात अचानक शांतता झाल्यावर आमची मंडळी ओरडून म्हणाली, "झालं वाटतं."

दिवा लागायचा होता. वहिनींनी पटका दोनदा झटकला; धुळीचा ढग उठला, पण आतली बाजू तशीच अबोली राहिली होती. भिमाजीनं ती बाजू वर करून बांधला, पाटी डोक्यावर घेतली आणि पुढं हलगी, मागं आम्ही सगळे, असे देवळाकडं निघालो. कारभारी नानांची गाडी रिकामीच मागून येत होती. चालता चालता शिंका फक्त भिमाजीला येत होत्या.

देवळाच्या पायरीवर नानांनी हरल्याचं कबूल करायच्या ऐवजी वहिनींना अडवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दळलंस, मान्य. पर बाई, नवऱ्याच्या डोक्याचा पटका काढून इंजिनाला बांधायचा, काय वाटलं न्हाई का तुला?"

मनकर्णावहिनी म्हणाल्या, "लगनापासनं त्यांच्या डोस्क्यावर हुता, नाना, आत काय शिरलं न्हाई. इंजिनाला निदान वारा तरी लागला."