सुभेदारांचं मराठी कार्ड

आष्ट्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सांगलीत सहा महिन्यांचा कोर्स केला आणि स्वतःला लय शहाणा समजायला लागलो. नव्याण्णव साली सुभेदार आकाराम आपला जुना कॉम्प्युटर एसटीतून मांडीवर घेऊन आले.

"जयराज, लय दमतंय रं हे. आतलं सगळं नवं घाल."

सुभेदारांच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं विधवाही बऱ्याच. कुणाचा नवरा कुठल्या पलटणीत, लग्न कधीचं, पोरं किती, हे सगळं पेन्शनच्या अर्जांसाठी सुभेदारांनी सात वर्षं मराठीत टाइप करून ठेवलेलं. कुणाच्या चहालाही मिंधा नाही हा माणूस.

फायलींची डिस्क तेवढी ठेवून मी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं बदललं. जुन्या बोर्डात एक लांबलचक कार्ड होतं. नव्यात त्याला स्लॉटच नव्हता. कशाचं आहे, विचारायला माझं तोंड झिजलं असतं का? पण छे! विचारलं की कमीपणा येतो. निघालेला जुना माल दुकानाचा, हा आमच्या धंद्याचा रिवाज. बोर्डाबरोबर कार्डही भंगारात घातलं.

चार दिवसांनी सुभेदार कॉम्प्युटर घेऊन परत आले. फायली उघडल्या, तर मराठीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पडद्यावर मराठी दाखवणारं कार्ड तेच होतं, आणि तसली कार्डं मिळायची कधीच बंद झालेली.

"काय झालं असंल रं?"

"व्हायरस, सुभेदार. बाहेरची फ्लॉपी घातली असंल तुमी." हे बोलताना माझी जीभ झडली कशी नाही!

त्यांचा चेहरा पडला. "व्हय. भाच्याची घातली हुती."

ते गेल्यावर भंगारवाल्याकडं पळालो. त्यानं सगळं फोडून विकलं होतं. पुढं महिनाभर घास गोड लागेना. शेवटी त्यांच्या गावाला गेलो. स्टँडजवळच रंगूबाई भेटल्या. नवरा वारून वर्षही झालं नव्हतं.

"सुभेदारांकडं व्हय? आरं, घरोघर हात जोडून गेलं ते. म्हणालं, माझ्या चुकीनं तुमचं कागद गेलं. फौजी माणूस उंबऱ्यात मान खाली घालून हुबा. बघवंना बाबा."

सुभेदार ओसरीवर वहीत हातानं लिहीत बसले होते.

"ये रं. रंगूबाईचा अर्ज आडलाय बघ. लग्नाची तारीख तिला आठवंना, आन् सांगणारा भटजी वारला."

"सुभेदार, व्हायरस नव्हता. तुमचं मराठी कार्ड मीच भंगारात घातलं. आणि तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते उठले आणि पायताण शोधायला लागले.

"चल," ते म्हणाले. "पैलं घर रंगूबाईचं."