मागे दिसणारं पाणी

परवा माळा आवरताना जुन्या कॅमेऱ्याचं चामडी कव्हर हाती आलं आणि त्याच्या खारट, कुबट वासाने मला थेट डहाणूकडच्या किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. नव्वदच्या दशकात आम्ही तिघे मित्र नाशिकहून खास सूर्यास्ताचे फोटो काढायला तिथे गेलो होतो. आमचं पाण्याचं ज्ञान गंगापूर धरणापुरतं. तिथलं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. त्यामुळे कोरड्या वाळूतून चालत आम्ही पार आतल्या खडकावर बिनधास्त जाऊन बसलो. ऊन तांबूस झालं तसं ते चेहऱ्यावर पडावं म्हणून मी दोघांना किनाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. "डावीकडे सरका रे, मागे पाणी काय सुंदर दिसतंय!" मी कॅमेऱ्यातून बघत म्हणालो. "मागे? अरे, मागे तर वाळू होती!" एकाने गर्रकन वळून पाहिलं आणि नेमकं तेव्हाच माझं बटण दाबलं गेलं. परतीची वाट भरतीने बुडाली होती, आणि पोहता कुणालाच येत नव्हतं. "फोटो गेला खड्ड्यात, हात धर!" तो ओरडला. आम्ही उतरलो. पाणी गुडघ्याला, कमरेला, मग छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकत होती, आणि मी शहाणा एका हाताने कॅमेरा डोक्यावर धरून चाललो होतो. किनाऱ्याला लागल्यावर तिघेही कोरड्या वाळूत आडवे झालो. तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये आहे. एक जण झकास हसतोय, दुसऱ्याचं नुसतं डोकं मागून दिसतंय. "यांनी फोटो बिघडवला की हो," पाहुणे म्हणतात. मी म्हणतो, "बिघडवला म्हणून तर तुम्हाला चहा पाजायला मी आहे."